निकालावर पगार

शाळामास्तराला पगार कशाबद्दल द्यावयाचा? तो रोज शाळेत येतो ह्याबद्दल, की त्याच्या हाताखालची मुले शिकतात ह्याबद्दल? व्यवहारी माणूस ह्या प्रश्नाचे उत्तर ताबडतोब देऊन मोकळा होतो. ज्या कामाचे पैसे द्यावयाचे ते काम झाले की नाही हे आधी पाहावे, आणि मग पैसे मोजावे. सुताराच्या बाबतीत आपण हेच करतो, शिंप्याच्या बाबतीतही हेच करतो; मग मास्तरानेच काय पुण्य केले आहे? गेल्या शतकाआधीच्या शतकात इंग्लंडमधल्या एका हुशार आणि काहीशा तुसड्या मंत्र्याने हेच उत्तर दिले, आणि त्या देशातील प्राथमिक शाळा तीसपस्तीस वर्षे त्या उत्तराखाली चालल्या. तेथून ते आपल्या मुंबई इलाख्यात आले. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत, माकडे, लाकडी ठोकळे आणि रंगीत पेने ह्यांच्या साहाय्याने, तोच प्रश्न निराळ्या रूपाने पुन्हा विचारला गेला. ह्या दोन हकिकती सहसा एका बैठकीत कोणी सांगत नाही. आज त्या एकत्र सांगाव्या असा बेत आहे.

मंत्र्याचे नाव रॉबर्ट लो. जन्मापासून त्याचे केस आणि कातडी पांढरीफटक, दृष्टी अतिशय अधू. अशा डोळ्यांनी त्याने ऑक्सफर्ड गाजवले, काही वर्षे ऑस्ट्रेलियात वकिली आणि राजकारण केले, परत येऊन लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये अग्रलेख लिहिले, आणि पुढे शिक्षणखात्याची सूत्रे त्याच्या हाती आली. त्या वेळची स्थिती अशी होती. ब्रिटिश सरकारने शाळांना पहिली मदत दिली ती १८३३ साली, अवघी २० हजार पौंड. ती वाढत वाढत १८६१ पर्यंत ८ लाखांवर गेली. मधल्या काळात क्रिमियाच्या युद्धाने तिजोरी हलकी केली होती. १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल कमिशनने १८६१ मध्ये अहवाल दिला, आणि त्यात एक तक्रार अशी होती, की मास्तर वरच्या वर्गातील चुणचुणीत मुलांवर मेहनत घेतात आणि खालची बिचारी पोरे धड वाचायलाही न शिकता शाळा सोडून जातात. तक्रार खोटी नव्हती. म्हणून लोला केवळ कंजूष ठरवून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. गरिबाच्या मुलाला निदान वाचन, लेखन आणि हिशेब एवढे तरी आलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह काही वाईट नव्हता. वाईट होता तो त्याने शोधलेला उपाय. आणि तोही अंमलात आल्यावर वाईट ठरला.

उपाय असा. १८६२ च्या सुधारित नियमावलीप्रमाणे सरकारी मदतीचा थोडा भाग मुलांच्या हजेरीवर, सरासरी पटावरील प्रत्येक मुलामागे ४ शिलिंग. उरलेला मोठा भाग परीक्षेवर. सहा वर्षांवरील ज्या मुलाची हजेरी पुरेशी भरली असेल त्याच्यामागे ८ शिलिंग मिळावयाचे. पण सरकारी इन्स्पेक्टरापुढे ते मूल वाचनात नापास झाले तर २ शिलिंग ८ पेन्स कमी, लेखनात नापास झाले तर तितकेच कमी, गणितात झाले तर तितकेच. तिन्हींत नापास झाले तर शून्य. मुलांच्या सहा इयत्ता ठरल्या आणि प्रत्येक इयत्तेला काय आले पाहिजे ते छापून निघाले. आधी सरकारी पैसा थेट शिक्षकाच्या हाती पडत असे. आता तो शाळेच्या चालकांकडे जाऊ लागला आणि शिक्षकाने आपला पगार त्यांच्याशी घासाघीस करून ठरवावा असे झाले. लोने पार्लमेंटात सांगितले, त्याचा मथितार्थ असा, की ही व्यवस्था स्वस्त ठरली नाही तर ती गुणकारी ठरेल, आणि गुणकारी ठरली नाही तर स्वस्त तरी ठरेल. ह्यातले दुसरे भाकीत तरी अचूक उतरले. १८६१ साली सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेली मदत १८६५ साली सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आली.

आता तपासणीच्या दिवशीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ‘दिपोटी आले’ ह्या दोन शब्दांनी शाळेत काय धावपळ उडत असे ते ऐकून ठाऊक असेल. पण आपल्या दिपोटीच्या खिशात मास्तराचा पगार नसे. तिकडे तो होता. मूल पुढे येई, पुस्तकातला उतारा वाची, चार ओळी लिही, एक हिशेब करी, आणि तक्त्यावर एक खूण होई. त्या खुणेची किंमत २ शिलिंग ८ पेन्स. मास्तर भिंतीशी उभा राहून मनातल्या मनात बेरीज करीत असणार, ह्याला पुराव्याची गरज नाही.

ह्या इन्स्पेक्टरांपैकी एक होता मॅथ्यू आर्नल्ड. कवी आणि टीकाकार म्हणून आपले इंग्रजीचे विद्यार्थी त्याला ओळखतात. पण हा गृहस्थ १८५१ पासून १८८६ पर्यंत, पस्तीस वर्षे, शाळा तपासत गावोगाव हिंडला, त्यावर त्याचे घर चालले, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. नियमावली येऊ घातली तेव्हा १८६२ सालीच त्याने एका मासिकात आपले नाव न घालता तिच्याविरुद्ध लेख लिहिला. वरिष्ठ मंत्र्याविरुद्ध खात्यातल्याच नोकराने लिहिणे म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्या श्रोत्यांना सांगावयास नको. पुढे वर्षानुवर्षे तो आपल्या सरकारी अहवालांतूनही तीच गोष्ट लिहीत राहिला. त्याने पाहिले ते असे: वर्षभर मुलांच्या हाती एकच वाचनपुस्तक असते, कारण परीक्षा त्याच पुस्तकात व्हावयाची असते. वर्षाअखेर मुलाला ते पुस्तक तोंडपाठ झालेले असते. इन्स्पेक्टरापुढे ते घडाघडा वाचते आणि पास होते. त्याच मुलाला दुसरे कोणतेही पुस्तक दिले तर त्याला वाचता येत नाही! पुस्तक उलटे धरूनही मूल वाचत राही, अशी आख्यायिका त्या काळची म्हणून सांगतात. ती खरी असो वा नसो, आर्नल्डने पाहिलेली गोष्ट तिच्याहून फार वेगळी नव्हती.

इतिहास, भूगोल, व्याकरण ह्यांना शिलिंग नव्हते, म्हणून ते विषय शाळांतून मागे पडले. खात्याच्या हे लक्षात आले तेव्हा खात्याने काय करावे? १८६७ साली ह्या विषयांनाही थोडे शिलिंग लावून दिले. म्हणजे काट्याने काटा काढावयाचा, आणि पहिला काटा मात्र तसाच ठेवावयाचा! शिकाऊ शिक्षकांची संख्या त्याच सुमारास घटली. ज्या धंद्यात दरसाल एका सकाळी आपल्या भाकरीचा निकाल लागतो त्या धंद्यात तरुण कशाला शिरतील? लो मात्र १८६४ मध्येच पायउतार झाला होता. इन्स्पेक्टरांच्या अहवालांतला गैरसोयीचा मजकूर खाते गाळते असा आरोप झाला, आणि त्याने राजीनामा दिला. पुढे चौकशीत तो निर्दोष ठरला आणि काही वर्षांनी देशाचा अर्थमंत्रीही झाला. पद्धत मात्र राहिली. १८८६ ते १८८८ ह्या काळात क्रॉस कमिशनने तिच्यावर टीका केली, १८९० मध्ये तिचा कणा मोडला, आणि शतक संपता संपता ती गेली.

ती गेल्यावरही तिचे काय उरले हे सांगणारा माणूस एडमंड होम्स. हा १८७५ साली इन्स्पेक्टर झाला, शेवटी प्राथमिक शाळांचा मुख्य इन्स्पेक्टर होऊन १९१० मध्ये निवृत्त झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. बुद्धाच्या शिकवणुकीवरही त्याने ग्रंथ लिहिला आहे. आपल्याकडच्या विचारांची त्याला ओढ होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सरकारने शिक्षकावर अविश्वास दाखवला, म्हणून शिक्षकाने मुलावर अविश्वास दाखवला, आणि मुलाने अखेर स्वतःवरचा विश्वास गमावला. पैशाची पद्धत रद्द झाली तरी जे शिक्षक तिच्यात वाढले होते त्यांना दुसऱ्या रीतीने शिकवताच येईना. बेडी काढली तरी पाय पूर्वीसारखेच पडत राहिले.

होम्स हे लिहीत होता त्याआधी चार वर्षे, १९०७ च्या जानेवारीत, रोममध्ये सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. तेथला एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एका मुलाच्या गळ्यात शहाणपणाचे बक्षीस म्हणून पदक घातले होते, आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून खोलीच्या मध्यभागी खुर्चीत बसवले होते. पदकवाला आपल्या कामात इतका गढलेला, की सामान इकडून तिकडे नेता नेता त्याचे पदक खाली पडले. शिक्षेतल्या मुलाने ते उचलून त्याला दाखवले. पदकवाल्याला त्याचे काही वाटले नाही. मी घालू का, असे दुसऱ्याने विचारले, तर घाल म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला. शिक्षा झालेला मुलगा पदक घालून खुशीत बसून राहिला. ज्याला काम होते त्याला पदक नको होते. ज्याला काम नव्हते त्याला ते हवे होते. माँटेसोरीबाईंनी पुढे बक्षिसे आणि शिक्षा दोन्ही टाकून दिल्या. ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डीस आणि पुढे कोसबाडास जे बालशिक्षणाचे काम उभे केले त्याची मुळे ह्याच विचारात आहेत.

परंतु एका बाईंनी पाहिलेला एक प्रसंग म्हणजे शास्त्र नव्हे, असे म्हणणारे म्हणणारच. आणि त्या काळचे शास्त्र तर निराळीच दिशा धरून चालले होते. थॉर्नडाइकची पेटीतली मांजरे, स्किनरचे उंदीर आणि कबुतरे, ह्यांनी असे दाखवले होते की ज्या कृतीनंतर खाऊ मिळतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. हे खरेच आहे. त्यात वादाला जागा नाही. वाद आहे तो एवढ्यावरून सगळे ओळखले असे मानण्याचा.

पहिला खडा पडला तो विस्कॉन्सिन विद्यापीठात. हॅरी हार्लो आणि त्याचे सहकारी ह्यांनी माकडांच्या पिंजऱ्यांत एक यांत्रिक कोडे ठेवले: एक खीळ, एक आकडा, एक कडी-कोयंडा. ते उघडल्याने काही मिळत नव्हते. मागे दार नव्हते, खाऊ नव्हता. तरी माकडे दिवसचे दिवस ते उघडत बसली आणि त्यात पटाईत झाली. भूक नाही, तहान नाही, भीती नाही, मग ही माकडे कशासाठी खपत होती? हार्लोला उत्तर एवढेच सुचले की काम हेच कामाचे बक्षीस असावे. हा लेख १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. पुढे त्याच कोड्यात बेदाणे ठेवले, तेव्हा माकडांचे काम सुधारण्याऐवजी बिघडले. लक्ष कोड्यावरून उडून बेदाण्यावर गेले.

हा धागा पुन्हा जोराने उचलला एडवर्ड डेसी ह्या तरुण संशोधकाने. पीट हाइन ह्या डेन्मार्कच्या कल्पक गृहस्थाने काढलेले सात ठोकळ्यांचे एक कोडे आहे. त्यांतून एक घन होतो आणि इतरही पुष्कळ आकृती होतात. डेसीने २४ विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या तीन दिवशी हे ठोकळे जुळवायला बसवले. पहिल्या दिवशी कोणालाच काही दिले नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्यांना जुळलेल्या प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कोणालाच नाही. खरी गंमत पुढे आहे. दररोज मध्येच काही निमित्त काढून डेसी आठ मिनिटे खोलीबाहेर जाई. टेबलावर चाळायला मासिके ठेवलेली असत. त्या आठ मिनिटांत कोण ठोकळ्यांशी खेळतो आणि किती वेळ, हे तो बाहेरून पाहून मोजी. ज्यांना एक दिवस डॉलर मिळाले होते ते, डॉलर थांबल्यावर, पहिल्या दिवसापेक्षाही कमी खेळले. ज्यांना कधीच काही मिळाले नव्हते त्यांची गोडी टिकून राहिली. हे १९७१ साली छापून आले. माणसे थोडी होती, फरकही फार ठळक नव्हता, म्हणून एवढ्यावर कोणी मोठा सिद्धांत रचला असता तर तो घाईचा ठरला असता. डेसीने त्याच लेखात आणखी एक गोष्ट नोंदवली: पैशाऐवजी तोंडभर शाबासकी दिली तर गोडी घटत नाही, उलट वाढते.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग मला सर्वांत स्वच्छ वाटतो. त्यांनी तीन ते पाच वर्षांची, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना आधी काही सांगितले नाही, चित्र झाल्यावर अचानक तेच पत्रक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी रंगीत पेने वर्गात नुसती मांडून ठेवली आणि कोण आपण होऊन त्यांकडे वळतो ते गुपचूप पाहिले. काहीच न मिळालेल्यांनी आपल्या मोकळ्या वेळाचा सुमारे १७ टक्के भाग चित्रांत घालवला. अचानक पत्रक मिळालेल्यांनी सुमारे १८ टक्के. आधी कबूल करून पत्रक दिलेल्यांनी ९ टक्क्यांहूनही कमी. आणि बक्षिसाच्या आशेने त्यांनी काढलेली चित्रेही इतरांच्या मानाने सुमार उतरली होती.

मधल्या आकड्याकडे श्रोत्यांनी मुद्दाम पाहावे. पत्रक तेच, शिक्का तोच, फीत तीच. पण अचानक मिळाले तेव्हा त्याने काही बिघडवले नाही. म्हणजे दोष बक्षिसाच्या वस्तूत नव्हता. ‘मी हे त्याच्यासाठी करतो आहे’ असे मुलाच्या मनाने घेतले, तेथे दोष होता. मनाला आपल्या कृतीचे कारण हवे असते. बाहेर एक ठळक कारण दिसले की आतले बारीक कारण पुसले जाते, आणि बाहेरचे कारण काढून घेतले की हातात काहीच उरत नाही. लोच्या शाळांतल्या मुलांना दुसरे पुस्तक वाचता का येत नव्हते आणि वाचावेसे का वाटत नव्हते, ह्याचा खुलासा मला येथे मिळतो. अर्थात तेथे शिलिंग मुलांना मिळत नव्हते, मास्तरांना मिळत होते. पण ज्याच्या स्वतःच्या मनात विषयाची गोडी पुसली गेली आहे तो ती दुसऱ्याच्या मनात कोठून भरणार?

ह्या निष्कर्षांवर पुढे चांगलेच रण माजले. १९९४ साली कॅमेरॉन आणि पिअर्स ह्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून असे मांडले, की बक्षिसाचे दुष्परिणाम फुगवून सांगितले जातात. १९९९ साली डेसी, कोस्नर आणि रायन ह्यांनी १२८ प्रयोग पुन्हा मोजून त्यांना उत्तर दिले. भांडणाचा धुरळा खाली बसल्यावर पुष्कळांना मान्य होण्यासारखे जे उरले ते असे: आधीच आवडीचे असलेल्या कामावर, आधी कबूल केलेले, हातात घेता येणारे बक्षीस ती आवड कमी करते. मोकळ्या मनाने दिलेली शाबासकी तसे करत नाही. आणि जे काम मुळातच कंटाळवाणे आहे, ज्याची गोडी लागलेलीच नाही, तेथे बक्षिसाने गोडी घटत नाही. जे नाहीच ते घटणार कसे?

ह्या शेवटच्या वाक्यापाशी आपण आपल्याकडे वळावे, कारण ते येथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाला बरोबर उमगले होते. निकालावर मदत देण्याची पद्धत १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातही सुरू झाली. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने हंटर कमिशन नेमले, आणि त्या कमिशनपुढे पुण्यातून जोतीराव फुले ह्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. १८४८ पासून शाळा काढलेला, स्वतः शिकवलेला हा माणूस. निकालाच्या पद्धतीविषयी त्यांनी सांगितले ते असे, की अडाणी राहिलेल्या लोकांत शिक्षण पसरवण्यास ती मुळीच उपयोगाची नाही. त्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून उत्पन्न झालेली नाही. अशा वस्तीत कोणी शिक्षक आपल्या जोखमीवर शाळा काढणार नाही, कारण तीवर त्याचे पोट भरणार नाही. ती गोडी उत्पन्न होईपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन ह्यांवाचून गत्यंतर नाही. मुलांनी शाळेत यावे म्हणून शिष्यवृत्त्या द्याव्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावी, असे त्यांनी सुचवले. आणि कशासाठी, तर शिक्षणाची गोडी लागावी म्हणून.

म्हणजे फुले बक्षिसाचे शत्रू नव्हते. खेड्यातल्या ज्या मास्तराची बरीच मुले पास होतील त्याला पगाराखेरीज काही जादा द्यावे, असेही त्यांच्या निवेदनात आहे. पण ‘पगाराखेरीज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पगार त्यांनी आधी पक्का मागितला आहे: निदान १२ रुपये, मोठ्या गावी १५ किंवा २०. शिवाय मास्तराला गावचे हिशेब तपासण्याचे, दस्तऐवज नोंदण्याचे, टपालाचे किंवा स्टँप विकण्याचे काम द्यावे, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. लोने मास्तराची भाकरी परीक्षेला टांगली. फुले भाकरी आधी ताटात वाढतात, गावात मान देतात, आणि मग वर बक्षिसाची गोष्ट काढतात. एकाने गोडी गृहीत धरली नाही आणि ती लावण्याचा विचारही केला नाही. दुसऱ्याने ती नाही हे ओळखले आणि ती कशी लागेल हाच विचार केला.

कमिशनने १८८३ मध्ये अहवाल दिला, आणि खाजगी प्राथमिक शाळांना मदत निकालावरच द्यावी अशी शिफारस केली. खुद्द इंग्लंडात सात वर्षांत ती पद्धत मोडकळीस आली. कर्झनच्या सरकारने १९०४ च्या मार्चमध्ये शिक्षणविषयक ठराव प्रसिद्ध केला, त्या सुमारास ती इकडेही टाकून देण्यात आली. तोवर फुल्यांना जाऊन तेरा वर्षे उलटून गेली होती.